पंख्यावर लोंबणारी वायर: एका स्टुडिओतल्या कॅबिनेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर हा फोटो स्टुडिओ आहे. साखरपुड्यापासून सत्यनारायणापर्यंत सगळं शूटिंग, अल्बम, हल्ली ड्रोनसुद्धा. मालकांना सगळे दादा म्हणतात. एडिटिंगला त्यांचा भाचा बसतो. मी त्याच गावात कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. ओळख पटेल असं जे काही होतं ते गाळलं आहे.

मशीन २०१८ सालचं. आय ५-८४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ६ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक कार्ड, विंडोजसाठी एक एसएसडी आणि फुटेजसाठी दोन हार्डडिस्क. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा खोका, ५५० वॅटचा, पण सगळ्या वायरी कायमच्या जोडलेला. लागेल ती लावा, नको ती काढून डब्यात ठेवा, अशी सोय त्यात नाही. कॅबिनेट मात्र त्याआधीच्या मशीनचं. ‘पत्र्याचा डबाच की तो, त्याला कशाला नवे पैसे?’ असं दादा तेव्हा म्हणाले होते.

या डब्याची रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. जुन्या धाटणीचं कॅबिनेट: एसएमपीएस वर, त्याच्या शेजारी डीव्हीडी रायटरचे दोन रिकामे खण, खाली हार्डडिस्कचा पिंजरा. मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसतो त्याच्या मागे उजव्या झाकणापर्यंत करंगळी जेमतेम शिरेल एवढी फट. हल्लीच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खाली असतो, मागे वायरी दडवायला ऐसपैस जागा असते आणि त्या पलीकडे न्यायला पत्र्यात भोकं ठेवलेली असतात. इथे यातलं काहीच नव्हतं. एसएमपीएसमधून निघालेला वायरींचा झुबका थेट प्रोसेसरच्या पंख्यासमोर लोंबायचा.

अडचण

दिवाळीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला. ‘सर, मशीन लै तापतंय. आन् आवाज तर असा करतंय, जणू दळपाला लावलंय.’

जाऊन बघितलं तर रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अखेरची फाइल तयार करणं) लावल्यावर पाच मिनिटांत प्रोसेसर ९९-१०० अंशांना टेकत होता. या प्रोसेसरची मर्यादाच १०० अंश. तिथे पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. सहाही कोअर कामाला लागले की एरवी ३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास पळणारा तो आता २ वर आला होता. भाच्याने पंधरा मिनिटांच्या एका हायलाइट व्हिडिओचं रेंडर लावून दाखवलं. त्याला ४१ मिनिटं लागली.

आवाजाबद्दल विचारलं तर कळलं, की गेल्या उन्हाळ्यापासून तो आहे. हार्डडिस्क जाणार असं समजून त्यांनी ४ टीबीची तिसरी हार्डडिस्क परस्पर आणून बसवली होती. आवाज गेला नाहीच, उलट पंख्यासमोर आणखी दोन वायरी आल्या.

मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर ओळ आली: सीपीयू फॅन एरर, प्रेस एफ१. भाच्याने माझ्याकडे न बघताच एफ१ दाबला.

‘हे कधीपासून येतंय?’

‘ते? ते रोजच येतं की काका. दाबलं की जातं.’

झाकण काढलं आणि प्रकरण दिसलं. प्रोसेसरला वीज देणारी वायर एसएमपीएसकडून चार-चार पिनांच्या दोन तुकड्यांत येते. मदरबोर्ड मोठा असेल तर दोन्ही तुकडे लागतात. या बोर्डावर जागा चार पिनांचीच, म्हणून एक तुकडा लावलेला आणि दुसरा मोकळा. तो मोकळा तुकडा पंख्याच्या पात्यांवर टेकला होता. पात्यांच्या कडांनी त्याचं काळं प्लास्टिक एका बाजूने पांढरं होईस्तोवर घासलं होतं. मशीन चालू होताना पंखा हळू फिरतो, त्या जोरात त्याला तो अडसर ओलांडता येत नसे, म्हणून ती सूचना. प्रोसेसर तापला की बोर्ड पंख्याला पूर्ण वेग देतो, मग तो तुकड्याला धडका देत कसाबसा फिरायचा. दळपाचा आवाज तो.

कॅबिनेटच्या तळाशी धुळीत वाळक्या शेवयांसारखे पिवळट तुकडे पडले होते. हातात घेतले तर चुरा झाला. रबरबँड. २०१८ मध्ये तो मोकळा तुकडा बाजूला राहावा म्हणून कुणीतरी रबरबँडने बांधला होता. आतल्या उन्हाळ्यात रबर वाळलं, तुटलं आणि तुकडा खाली आला.

ते कुणीतरी म्हणजे मीच. हे मशीन मीच जोडलं होतं.

पर्याय

दादांसमोर चार वाटा होत्या, त्यातली एक भाच्याने सुचवलेली.

पहिली: तो तुकडा बाजूला करून झाकण लावायचं. दहा मिनिटं, खर्च शून्य. दादांचा कल इकडेच होता. मला ती नको होती, कारण तुकडा गेला तरी बाकीचा झुबका तिथेच राहणार होता. उद्या कुणी चौथी डिस्क लावताना एक वायर ओढली की दुसरं काहीतरी पंख्यात जाणार.

दुसरी: आहे त्याच कॅबिनेटमध्ये सगळं वायरिंग उकलून नव्याने लावायचं. अर्धा दिवस.

तिसरी: नवं कॅबिनेट, जमलं तर वायरी सुट्या करता येणारा एसएमपीएसही. मी कॅबिनेटचे साडेतीन आणि एसएमपीएसचे सात हजार सांगितले. भाच्याचे डोळे चमकले. त्याला काचेचं झाकण आणि आत रंगीत दिवे हवे होते. एका मित्राकडे सुट्या एसएमपीएसच्या जादा वायरी पडून आहेत, त्या वापरल्या तर पैसे वाचतील, हेही त्याने सांगून टाकलं. तेवढ्यावर मात्र मी ठाम नाही म्हटलं. डिस्कच्या बाजूची पिन सगळीकडे सारखी असते, पण एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या भोकातून काय येतं याचा ठरलेला नियम नाही. कंपनी बदलली की क्रम बदलतो, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलतो. पिन घट्ट बसते म्हणजे बरोबर बसली असं नाही. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले तर डिस्क त्याच क्षणी संपते, आणि इथे डिस्कवर लोकांची लग्नं होती.

चौथी वाट भाच्याची: ‘काका, न लागणाऱ्या वायरी कापूनच टाकू की.’ व्हिडिओत कुणीतरी कापताना त्याने बघितलं होतं. कापल्या की वॉरंटी जाते हे एक, पण खरी भीती वेगळी. पिवळ्या वायरीत १२ व्होल्ट, लालमध्ये ५, काळी ग्राउंड. कापलेली उघडी टोकं एकमेकांना किंवा पत्र्याला लागली तर एसएमपीएस बंद पडेल हा झाला बरा शेवट. शिवाय आज नको असलेली वायर उद्या लागते.

निर्णय वेळेवर ठरला. पाडवा होऊन गेला होता, तुळशीच्या लग्नाला दहा-बारा दिवस. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, मग मशीन एक दिवसही मोकळं मिळणार नाही. नवं कॅबिनेट मागवून सगळं हलवण्यात काही चुकलं तर दुरुस्तीला उसंत नव्हती. दादांना खर्च नको होता, आणि रबरबँडचा चुरा खिशात असताना नवीन माल गळ्यात मारायची मला लाज वाटली. दुसरी वाट धरली. मजुरी घेणार नाही, एवढं मी आधीच सांगितलं.

काय केलं

स्क्रूड्रायव्हरला हात लावण्याआधी बॅकअप. न दिलेल्या तीन लग्नांचं फुटेज एकाच डिस्कवर होतं, जवळपास पावणेदोन टीबी. बाहेरच्या डिस्कवर ते उतरायला पाच तास गेले. दादा म्हणाले, ‘वायरीच तर बांधायच्यात, त्याला एवढं कशाला?’ पण हार्डडिस्कच्या डेटा पिनेच्या जागी इंग्रजी एलसारखी प्लास्टिकची पातळ जीभ असते. वायर काढताना हात तिरका गेला तर ती मोडते, आणि त्यानंतर ती डिस्क वाचवणं म्हणजे कसरत. एवढ्या कारणासाठी पाच तास मला जास्त वाटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीतली पिन काढली, बटण दाबून आत साठलेली वीज जाऊ दिली, मोबाइलवर सगळ्या कोपऱ्यांचे फोटो काढले. समोरच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या त्या केसासारख्या बारीक वायरींचा फोटो दोनदा. पॉवरचं बटण उलटसुलट लावलं तरी चालतं, दिव्याची वायर उलटी लागली तर दिवा लागत नाही, आणि मग मालकाला वाटतं मशीन बिघडलं.

दादांनी एक अट घातली होती आणि ती मला आवडली. नेमकं कशाने काय फरक पडतो ते कळलं पाहिजे. म्हणून एकेक गोष्ट करून दरवेळी तोच पंधरा मिनिटांचा व्हिडिओ रेंडर केला.

नुसता तो तुकडा पंख्यावरून उचलला: तापमान १०० वरून ८६, वेळ ४१ वरून २३ मिनिटं. मग पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारला (न धरता मारला तर पंखा भलत्या वेगाने फिरून खराब होतो), हीटसिंकमधला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या जाळीतला, धुळीचा गालिचा काढला, त्या दोघांमध्ये लावतात ती थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली: ७३ अंश, २२ मिनिटं. त्यानंतर अख्खी दुपार खर्चून सगळं वायरिंग बांधलं: ७२ अंश. वेळ तीच.

एक अंश. मी मशीनसमोर बसून तो आकडा बघत होतो आणि दादा माझ्याकडे. वायरी आवरल्या की मशीन थंड होतं असं आम्ही दुरुस्तीवाले गिऱ्हाइकांना सर्रास सांगतो. वायर पंख्यात जात असेल किंवा झरोक्यावर गठ्ठा होऊन बसली असेल तरच ते खरं. एरवी हवा वायरींना वळसा घालून निघून जाते. हे मी दादांना तसंच सांगितलं.

आता बांधणीबद्दल. प्रोसेसरच्या वायरीचा मोकळा तुकडा उलटा वळवून आपल्याच वायरीला बांधला. न लागणाऱ्या वायरींचा जुडगा रिकाम्या डीव्हीडीच्या खणात ढकलला. या जुन्या कॅबिनेटची ही एक सोय नव्या कॅबिनेटांत मिळत नाही, हे मान्य करायला हवं. २४ पिनांची जाड वायर याच खणातून फिरवून पिंजऱ्याच्या कडेने खाली आणली. ग्राफिक कार्डाची सहा पिनांची वायर त्याच्या पंख्यांपासून दूर, खालच्या अंगाने. प्रत्येक डिस्कच्या दोन्ही वायरींना कागदी पट्टी चिकटवून नाव दिलं: लग्न-१, लग्न-२, जुनं.

इथवर ठीक होतं. उरल्या डिस्क आणि एसएसडी बोर्डाला जोडणाऱ्या चार डेटा वायरी. लाल, प्रत्येकी अर्धा मीटर. बोर्डापासून पिंजऱ्यापर्यंत अंतर वीतभर. जादा लांबीचं काय करायचं? समोर सोडली तर गुंता दिसणार. भाचा मोबाइल घेऊन फोटो काढायला उभा. मी जादा लांबी त्या करंगळीएवढ्या फटीत सारली, प्लास्टिकच्या टायने करकचून आवळली, टायची टोकं कटरने उडवली. एकूण नऊ टाय लागले. उजवं झाकण बसेना. गुडघा लावून बसवलं.

तो गुडघा लावला त्या क्षणी थांबायला हवं होतं. झाकण बसत नाही याचा अर्थ आत काहीतरी दबतंय, हे मला कळत नव्हतं असं नाही. डावीकडून आत फार छान दिसत होतं, एवढंच.

आठ दिवसांनी

तुळशीचं लग्न लागलं, पहिली दोन लग्नं शूट झाली आणि नवव्या दिवशी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. एडिटिंग चालू असताना लग्न-२ ही डिस्क एकदम गायब. मशीन बंद-चालू केलं की परत येते, अर्ध्या तासाने पुन्हा जाते. त्याचं पाऊण तासाचं काम गेलं होतं.

त्याचा पहिला अंदाज, डिस्क गेली. दादांचा अंदाज, एसएमपीएस कमी पडतोय. माझ्या मनात तेव्हाच गुडघा आला, पण फोनवर बोललो नाही. डिस्कच्या तब्येतीचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर त्याला उघडायला लावलं आणि सी७ या क्रमांकासमोर काय आहे ते वाचायला सांगितलं. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत किती वेळा चूक पकडली गेली त्याची ही मोजणी. बाकीच्या दोन हार्डडिस्कवर शून्य. लग्न-२ वर २१४. खराब सेक्टरांचे आकडे मात्र सगळीकडे शून्य. म्हणजे डिस्क धडधाकट, वाटेत खड्डा.

या मोजणीची एक गंमत आहे. वायर बदलली तरी आकडा खाली येत नाही, तो डिस्कच्या जन्मभराचा हिशेब असतो. म्हणून आकडा किती यापेक्षा तो वाढतोय का हे बघायचं. आणि चूक पकडली गेली म्हणजे माहिती पुन्हा मागवली गेली, ती बिघडली असं नाही. चुका फार झाल्या की मात्र डिस्क मध्येच सुटते. इथे तेच चाललं होतं.

सकाळी उजवं झाकण काढलं. लग्न-२ ची वायर एका ठिकाणी विड्याच्या पानासारखी चेपून दुमडलेली, झाकणाच्या कडेचा ठसा तिच्यावर उमटलेला. ती सोडवायला टाय कापायचे, तर टाय इतके आवळलेले की कटरचं टोक शिरेना. एकदा तर ते टोक शेजारच्या पिवळ्या वायरीच्या आवरणाला चाटून गेलं. त्यानंतर मी कटर खाली ठेवला आणि चहा मागवला.

मग चारही डेटा वायरी बदलून तीस सेंटिमीटरच्या, पितळी खटक्याच्या घेतल्या. फटीत काही नाही. सगळ्या समोरून, सैल कमानीने, दिसल्या तर दिसू देत. नऊच्या नऊ टाय काढून वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या. उघडता येतात, परत लावता येतात, आणि मी आवळायचं म्हटलं तरी टायइतक्या आवळल्या जात नाहीत. मला हे काम शिकवणारे वस्ताद टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले होते. एक्स्चेंजमधल्या वायरींच्या जुड्या ते मेणाच्या दोऱ्याने बांधत, आणि बांधून झाल्यावर जुडीतली एक वायर ओढून बघत. सरकली तर पास. हे मला आठवलं, जरा उशिरा.

निष्पत्ती

सी७ चा आकडा २१४ वर थांबला. महिनाभर भाचा दर सोमवारी त्याचा फोटो पाठवत होता, मग मीच बास म्हटलं. रेंडरला ७१-७३ अंश. चार डेटा वायरी आणि वेल्क्रोचे मिळून साडेपाचशे रुपये झाले, ते दादांनी जबरदस्तीने दिले. फुटेज काही गेलं नाही. मशीन चालू करताना आता कुठलीच ओळ येत नाही, पण भाच्याचं बोट अजून सवयीने एफ१ कडे जातं.

वायरिंगचा उपयोग किती झाला, हे फेब्रुवारीत कळलं. लग्न-१ भरत आली म्हणून नवी डिस्क लावायची होती आणि मी परगावी होतो. भाच्याने झाकण उघडलं, पट्ट्यांवरची नावं वाचली, वेल्क्रो सोडलं, ‘जुनं’ काढून तिथे नवी लावली आणि पंधरा मिनिटांत झाकण लावून मोकळा झाला. मला फोन केला तो काम झाल्यावर. तिसरी डिस्क त्याने मागे बसवली तेव्हा याच कामात दोन तास गेले होते आणि पंख्यासमोर दोन वायरी लोंबत्या राहिल्या होत्या.

पुन्हा करायचं झालं तर

रबरबँड मी तेव्हापासून दुकानात ठेवतच नाही. पण त्याहून मोठी चूक अशी, की इतक्या वर्षांत हे मशीन मी एकदाही उघडून बघितलं नव्हतं. गिऱ्हाईक बोलावत नाही तोवर जायचं नाही, असा आमचा शिरस्ता. वर्षातून एकदा झाकण काढलं असतं तर वाळत चाललेलं रबर दिसलं असतं.

दुसरं, बांधणी एका दिवसात पक्की करायला नको होती. सगळं सैल लावून दोन दिवस चालू द्यायचं, डिस्कचे आकडे काम करण्याआधी आणि नंतर लिहून ठेवायचे आणि मग वेल्क्रो ओढायचं. मी आधीचे आकडे लिहिलेच नव्हते. बाकी डिस्कवर शून्य होतं म्हणून निदान सोपं गेलं, नाहीतर ते २१४ जुने की नवे हे सांगता आलं नसतं.

तीस सेंटिमीटरच्या वायरी पहिल्याच दिवशी आणायला हव्या होत्या. जादा लांबी लपवण्यापेक्षा ती नसलेली बरी. तेव्हा त्या सुचल्या नाहीत, कारण आहे त्याच सामानात भागवायचं असं मी मनाशी धरून बसलो होतो. फुकट करतोय म्हणून सामानही फुकटचंच, असा काहीतरी उलटा हिशेब.

तिसऱ्या वाटेबद्दल मात्र माझं मत अजून पक्कं होत नाही. तुळशीच्या लग्नाआधी कॅबिनेट बदलणं धोक्याचं होतं, हे मला आजही पटतं. पण मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या मोकळ्या आठवड्यात ते करून टाकायला हवं होतं. पिंजऱ्यात आता जागा उरलेली नाही आणि पुढच्या डिस्कला पुन्हा खटपट आहे. दादांना मी हे दोनदा सांगितलं. यंदाची सराई होऊ दे, मग बघू, म्हणाले. गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते.